कोरम नव्हता

आमच्या मळ्यात दिवस उजाडायचा तो आवाजानं. आधी मोटेच्या चाकाचा करकराट, मग थारोळ्यात पाणी कोसळल्याचा आवाज, आणि त्या दोन्हींच्या वर मोठ्या मायचा. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा मी जन्मण्याच्या आधीच वारले होते. मूलबाळ नव्हतं, तरी ती माहेरी गेली नाही. "माह्या वाट्याची वांगी कोन तोडन?" असं ती विचारायची, आणि यात ती हसते आहे की नाही हे कोणालाच कळायचं नाही. अर्धा मळा तिच्या वाट्याचा होता आणि उरलेल्या अर्ध्यावरही तिचंच चालायचं. बाबा कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते बहुतेक बैलांशी. माझी सख्खी आई, तिला मी माय म्हणायची, ती तर त्याहून कमी. जाऊबाईसमोर तिचा आवाज मी लहानपणी कधी चढलेला ऐकला नाही. ती चुलीशी असायची. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढून लाकडी परातीत बडवायची, वरून कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि मूठभर सांभार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पुण्याच्या सुनेला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ इडलीचाच विचार करत बसली होती. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि लोटाभर ताक, यावर आम्ही सगळे वाढलो. आजही खामगावात मुलाच्या फ्लॅटमध्ये गॅसवर वांगं भाजतात, पण ते भाजल्यासारखं दिसतं एवढंच.

मळा गावापासून पूर्णा नदीच्या बाजूला होता. भाजी नांदुऱ्याच्या बाजाराला जायची. मळ्यातून बाहेर पडायला एकच सरळ वाट होती. दोन शेतांच्या धुऱ्यांमधून, म्हणजे बांधांमधून, गेलेली, एक बैलगाडी जाईल एवढी पांधण. ती कोणाची, असा प्रश्न कधी कोणाला पडला नव्हता. आजोबांची गाडी तिच्यावरून गेली, बाबांची गेली, चाकोऱ्या इतक्या खोल की रात्री बैल आपोआप घरी यायचे. पांधणीच्या एका अंगाला बापूराव पाटलांचं शेत होतं. ते शेत त्यांचा पुतण्या दिगंबर पाहायचा. एका उन्हाळ्यात त्यानं नांगर फिरवताना धुरा थोडा पुढं आणला. पुढच्या वर्षी आणखी थोडा. मग एके दिवशी पांधणीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं आणि वाट संपली. आम्ही टोपल्या डोक्यावर घेऊन नदीच्या पात्रातून, वाळू तुडवत, लांबून फिरून जायला लागलो. गाडी गावात, वांगी मळ्यात, आणि मधे आमच्या माना. बाजारात पोचेपर्यंत पालेभाजी माना टाकायची आणि गिऱ्हाईक तिला हात लावून बाजूला ठेवायचं.

त्या काळात आमच्याकडे एक नवीन भाषा आली होती. महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्याबद्दल गावात कोणी खूश होतं, कोणी नव्हतं, पण शाळेत पेढे वाटले ते सगळ्यांनी खाल्ले. मग निवडणुका झाल्या, ग्रामपंचायतीला पक्की खोली मिळाली, पत्र्यावर रंगवलेला बोर्ड लागला. काल ज्यांना पाटील म्हणायचं त्यांनाच आता सरपंच म्हणायचं, एवढा बदल आम्हा पोरींना कळला. पण मोठ्या मायला जास्त कळला होता. आसपासच्या पाच गावांना मिळून एक न्याय पंचायत नेमली गेली, प्रत्येक गावाचा एक पंच. आमच्या गावाचे पंच अर्थातच बापूराव पाटील. शेजारच्या मोठ्या गावात शाळेच्या पडवीत तिचं उद्घाटन झालं. रिबीन बापूराव पाटलांनी कापली, आणि भाषणाला कोणी मोठे पाहुणे आले होते. "न्याय आता तुमच्या दारात आला आहे. इथं वकील लागणार नाही, इंग्रजी लागणार नाही. बाईमाणसानंसुद्धा यावं, उभं राहावं आणि आपलं म्हणणं आपल्या बोलीत सांगावं," असं ते म्हणाले. मोठी माय बाजारातून टोपली घेऊन परतताना मागं उभी राहून हे ऐकत होती. त्या वाक्यांवर तिनं जेवढा विश्वास ठेवला तेवढा बोलणाऱ्यानं ठेवला असेल असं मला वाटत नाही.

मी तेव्हा सातवीत होते. एका बाजाराच्या दिवशी सकाळी मी आणि मोठी माय टोपल्या घेऊन निघालो. मी पुढं होते. मानेला कळ लागली होती, शाळेला उशीर होत होता, आणि समोर ती वाट दिसत होती, जिच्यावरून मी चालायला शिकले. मी टोपली खाली ठेवली आणि काट्या ओढून बाजूला करायला लागले. दोन-तीन फांद्या निघाल्या असतील. दिगंबर पाटील कपाशीतून आला.

"कोनाले इचारून काढल्या वं काट्या?"

"वाट हाय ना ही," मी म्हटलं. "पयलेपासून हाय."

त्यानं मला मारलं. एकदाच, पण पुऱ्या हातानं, डाव्या कानावर. मी काट्यांवर पडले. डोक्यात रेल्वेची शिट्टी वाजावी तसा आवाज सुरू झाला आणि तो कितीतरी दिवस थांबला नाही. थांबला तेव्हा त्या बाजूला काहीच ऐकू येत नव्हतं. आजही कोणी फोन दिला की मी तो उजव्या कानाकडे नेते, नात हसते, तिला वाटतं ही आजीची सवय.

मोठी माय धावत आली. मला वाटलं ती शिव्यांचा पट्टा सोडेल, तिला त्या चांगल्या येत होत्या. तिनं मला उठवलं, ओघळणारं रक्त पदरानं टिपलं आणि त्याला नुसतं विचारलं, "कोन्या हक्कानं मारलं?"

"जा, सांग कोनाले सांगाचं ते," तो म्हणाला.

"सांगीन," ती म्हणाली.

नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं. संध्याकाळी ओट्यावर बसून बाबा बैलाचं दावं वळत राहिले. मग म्हणाले, "वयनी, पाटलाच्या अंगावर जाऊन आपल्याले राहाचं कुठं?"

"मी पाटलाच्या अंगावर नाही जाऊन राह्यली किसनभौ. मी न्याय पंचायतीत जाऊन राह्यली. त्याच पाटलानं रिबीन कापली ना तिची?"

माय चुलीपाशी बसून माझ्या कानावर गरम फडकं धरत होती. ती रडत होती, पण कशासाठी, हे तिनं तेव्हा सांगितलं नाही.

न्याय पंचायतीचे सचिव बाहेरगावचे होते, तरुण, अंगानं बारीक, पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. "मारहाणीची फिर्याद इथं चालेल," ते म्हणाले. "पण वाटेचा विषय वेगळा आहे, बाई. त्यासाठी तहसीलला अर्ज करावा लागेल."

"एकच तं गोष्ट हाय बाप्पा," मोठी माय म्हणाली. "वाट अडवली म्हनून पोरीनं काट्या काढल्या. काट्या काढल्या म्हनून त्यानं मारलं."

"तुमच्या दृष्टीनं एक. कायद्यानं दोन."

तिला ते पटलं नाही, मलाही पटलं नाही. खरं सांगायचं तर इतकी वर्षं शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवूनही पुरतं पटलेलं नाही. पण दारात आलेल्या न्यायाला ती परत पाठवणार नव्हती. तिनं अंगठा दिला.

पहिल्या तारखेला आम्ही सकाळीच निघालो. मला तिनं ठेवणीतलं परकर-पोलकं घालायला लावलं होतं. शाळेच्या पडवीत सतरंजी अंथरली होती, भिंतीला टेकून पंच बसले होते. आमचं नाव पुकारलं आणि बापूराव पाटील उठून उभे राहिले. पाटील दिसायला भारदस्त, आवाज गोड, कधी कोणाला अरे-तुरे न करणारे. ते म्हणाले, "हे माह्या घरचं प्रकरन हाय. मी इथं बसलो तं लोक म्हनतीन, पाटलानं आपल्या पुतन्याले वाचवलं. मी बसनार नाही. न्याय झाला पायजे." आणि ते सतरंजीवरून उतरून समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. जमलेल्या माणसांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. बाबांनीसुद्धा मान डोलावली. तेवढ्यात सचिवांनी पंच मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला. पाचातले एक अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या जागी दुसरे निवडून द्यायचे राहिलेले. पाटील उठले. राहिले तिघं, आणि तिघांशिवाय काम चालवता येत नाही असा नियम. त्या दिवशी तिघांतलेही एक आले नव्हते.

"कोरम नाही," सचिव म्हणाले. "पुढची तारीख घ्या."

"हा कोरम कोन्या गावचा हाय?" मोठ्या मायनं विचारलं. "त्याले बोलावून आना ना."

सगळे हसले. कडुनिंबाखाली बसलेले पाटीलही हसले, आणि त्यांनी बाबांना पान पुढं केलं. बाबांनी ते घेतलं. मला त्या पानाचा जो राग आला होता तो थपडेचाही आला नव्हता.

त्यानंतर कोरम म्हणजे काय हे मोठी माय कोणालाही समजावून सांगू शकली असती. एकदा पेरणीमुळे कोरम नव्हता. एकदा कोणाच्या तरी मुलीचं लग्न होतं. एकदा तिघंही आले, पण दिगंबर आला नाही, त्याचं पोट दुखत होतं. एकदा पावसानं नाला भरला आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून गेलो तर शाळेला कुलूप. प्रत्येक वेळी भाजीचा एक बाजार बुडायचा आणि माझा शाळेचा दिवस. पडवीत आमच्यासारखीच माणसं वाट पाहत बसलेली असायची. त्यांत गोदाबाई नावाची एक म्हातारी होती. शेजाऱ्यानं पत्रे पुढं काढले, त्यांचं पाणी तिच्या मातीच्या भिंतीवर पडायचं, एवढंच तिचं गाऱ्हाणं. ती आणि मोठी माय भाकरीची फडकी सोडून एकत्र जेवायच्या. त्या पावसाळ्यात तिची भिंत पडली. पुढच्या तारखेला ती आलीच नाही. भिंतच नाही तर पाणी कशावर पडतं म्हणून भांडायचं? सचिवांनी तिचं नाव पुकारलं, कोणी उठलं नाही, आणि त्यांनी प्रकरण निकाली काढलं. निकाली काढणं म्हणजे निकाल देणं नव्हे, हे मी त्या पडवीत शिकले.

सचिवांना दोष द्यावासा मला कधी वाटला नाही. ते पंचांच्या घरोघर सायकलीनं फिरायचे, विनवण्या करायचे. रिकाम्या सतरंजीसमोर ते मान खाली घालून बसायचे तेव्हा फिर्यादी आम्ही की ते, असं वाटायचं.

मग एके दिवशी दिवे लागायच्या आधी बापूराव पाटील स्वतः मळ्यात आले. नदीकडूनच आले असावेत, कारण वहाणा वाळूनं भरल्या होत्या. बाबांनी खाट टाकली, मायनं भरीत-भाकर दिली. पाटील चवीनं जेवले. "असं भरीत माह्या घरी होत नाही," म्हणाले. हात धुतल्यावर त्यांनी मुद्दा काढला. "पोट्टी मोठी झाली किसन. उद्या पाहुने येतीन पाह्याले. ते काय इचारतीन? हेच ना, की पंचायतीत उभी राह्यली ते हेच पोट्टी का? दिगंबर चुकला, मी नाही म्हनत नाही. मारुतीसमोर नारळ फोडू, पोरीले चोळी-परकर करू, मिटवून टाकू."

"अन् वाट?" मोठी माय म्हणाली.

"वाटेचं पाहू ना वयनी. आधी हे तं मिटू द्या."

ते गेल्यावर घरात जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. माय उठून मोठ्या मायसमोर उभी राहिली. "घ्या ना बाई मिटवून," ती म्हणाली. "तुमाले काय? लगन मले करा लागते तिचं. पोरगी माही हाय."

मोठी माय भाकर मोडत होती. तिनं ती भाकर परत टोपल्यात ठेवली, हात धुतले आणि विहिरीकडे गेली. बाबा बैलांकडे गेले. माय भिंतीकडे तोंड करून बसली. आपण काय बोलून गेलो हे तिला कळलं होतं, पण बोललेलं मागं घ्यायची तिला सवय नव्हती, कारण तिला बोलायचीच सवय नव्हती. मी विहिरीवर गेले. मोठी माय थारोळ्याच्या दगडावर बसली होती. तिनं मला जवळ ओढलं, उजव्या बाजूला बसवलं, म्हणजे मला ऐकू येईल.

"वच्छे, तुले काय पायजे ते सांग. चोळी-परकर पायजे?"

इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"त्यानं मारलं, हे त्यानं म्हनलं पायजे," मी म्हटलं. "सगळ्यायसमोर."

"बस. मंग झालं," ती म्हणाली.

पुढच्या तारखेला आम्ही दोघीच गेलो. त्या दिवशी दोन पंच आले होते, तिसरे येताहेत असा निरोप होता. सचिव घायकुतीला आले होते. वाट पाहून पाहून शेवटी त्यांनी मला उभं केलं. एकदा सुरुवात झाल्यावर शब्द आपोआप आले, टोपली, काट्या, वाट, हात, कान. मी जवळजवळ संपवत आले होते तेव्हा तिसऱ्या पंचांची गाडी शाळेच्या आवारात शिरली. गाडीचा कणा वाटेत मोडला होता, ते घामाघूम झाले होते. ते येऊन बसले. सचिव म्हणाले, "हिला पुन्हा सुरुवातीपासून सांगू द्यायचं का?" पंचांमध्ये एक पांढऱ्या मिशांचे वयस्क शेतकरी होते. ते म्हणाले, "कशाले? पोरीले किती वेळा तेच तेच बोलाले लावता? आमी ऐकलं ना. यायले आमी सांगतो." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. ती गोष्ट दुसऱ्यांदा सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती.

मग दिगंबर उभा राहिला. "लेकरासारखी हाय ते मले," तो म्हणाला. "टपली मारली समजावाले."

"टपलीनं कान फुटते का भौ?" मिशीवाल्या पंचांनी विचारलं.

पडवीत हशा पिकला. दिगंबर कडुनिंबाकडे पाहायला लागला, पण त्याचे काका त्या दिवशी तिथं नव्हते. त्यानं खाली पाहिलं. "लागलं असन जोरात," तो म्हणाला. "मारलं मी. राग आला होता."

त्याला दोषी ठरवलं आणि छोटासा दंड झाला. दंड किती होता हे मला आठवत नाही, आठवायचं कारणही नाही. 'मारलं मी' एवढं मला ऐकू आलं, एका कानानं, पण स्पष्ट. येताना बाजारात मोठ्या मायनं मला गरम भजी घेऊन दिली. घरी आलो तर मायनं काही न विचारता निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजायला घेतले होते, वरण शिजत होतं, आणि तिनं पहिला रोडगा तूप टाकून जाऊबाईच्या ताटात ठेवला. मोठी माय पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टोपल्या घेऊन पांधणीपाशी गेलो. काट्या तशाच होत्या. उलट नव्या घातल्या होत्या. निकाल थपडेचा लागला होता, वाटेचा नाही. वाटेसाठी बाबांनी तहसीलला केलेल्या अर्जावर एक साहेब पाहणीला आले, पाटलांकडे जेवले, पांधणीच्या तोंडाशी उभं राहून इकडंतिकडं पाहिलं आणि गेले. पुढं त्या अर्जाचं काय झालं हे विचारायला बाबा गेले की 'चौकशी चालू आहे' एवढंच उत्तर मिळायचं. आम्ही नदीतूनच जात राहिलो. जिंकलेली माणसं वाळू तुडवत होती आणि हरलेला माणूस कपाशीला पाणी देत होता.

काही महिन्यांनी खामगावचं बोलावणं आलं. दिगंबरनं निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात दाद मागितली होती. तिथं वकील लागत होता, इंग्रजीही लागत होतं. आम्ही सगळे गेलो, मायसुद्धा आली. जिनिंगच्या भोंग्यांचं, सरकीच्या वासाचं ते गाव मी पहिल्यांदा पाहिलं. कोर्टात मला वाटलं पुन्हा उभं करतील, मी मनातल्या मनात सगळी वाक्यं घोकून ठेवली होती. कोणी मला उभं केलं नाही. काळ्या कोटातली दोन माणसं आळीपाळीनं बोलली, साहेबांनी काही विचारलं, काही लिहिलं, आणि आमचे वकील बाहेर येऊन म्हणाले की निकाल रद्द झाला. तिसऱ्या पंचांनी मुलीची जबानी ऐकलीच नव्हती, तरी निकालावर त्यांची सही. म्हणजे साक्षीच्या वेळी कोरम नव्हता. प्रकरण पुन्हा न्याय पंचायतीत चालवायचं.

"मंग मारलं का नाही, काय म्हनलं सायबानं?" मोठ्या मायनं विचारलं.

"बाई, तो प्रश्नच आला नाही."

"त्यानं सोता कबूल केलं होतं."

"ते आता धरता येत नाही."

आज मला तो नियम चुकीचा वाटत नाही. ज्यानं ऐकलं नाही त्यानं निकाल देऊ नये, यात वावगं काय? कोणीही लबाडी केली नव्हती. एका म्हाताऱ्या माणसाला एका पोरीची दया आली, एवढंच घडलं होतं. रागावायला समोर कोणी माणूस असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी इकडंतिकडं पाहत होते, आणि प्रत्येक जण आपापलं काम नीट करत होता.

परत येताना जलंबला गाडी बदलायची होती. फलाटावर आम्ही चौघं बसलो. मोठ्या मायनं भाकरीचं फडकं सोडलं आणि तसंच परत बांधलं. ती एवढंच म्हणाली, "वच्छे, आता माह्यानं होत नाही." पुन्हा चालवायचं तरी कुठं? सचिवांची बदली झाली होती. मिशीवाले पंच आजारी होते, त्यातच ते गेले. नव्या पंचांच्या निवडीची तारीख लागत नव्हती. त्या पडवीत मग सतरंजी अंथरलेली मी पाहिली नाही. पुढं काही वर्षांनी सरकारनं न्याय पंचायतीच बंद केल्या. माझी फिर्याद कोणी जिंकली नाही, कोणी हरलं नाही, कोणी मागं घेतली नाही. हिशोबानं ती अजून चालूच असेल.

खामगावहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. मोठी माय उठली नाही, अंगात कणकण आहे म्हणाली. तेव्हा टोपली मायनं उचलली. बाजाराला ती कधी जात नसे. मी मागं, ती पुढं. नदीकडे वळायच्या जागी ती वळली नाही, सरळ पांधणीकडे चालत राहिली. मी म्हटलं, "माय, इकडून नाही." तिनं ऐकलं नाही. कुंपणापाशी तिनं टोपली उतरवली, पदर खोचला आणि काट्या ओढायला लागली. नुसत्या हातांनी. बाभळीचे ते लांब पांढरे काटे तिच्या तळव्यांत जात होते आणि ती एकेक फांदी ओढून धुऱ्यापलीकडे, पाटलांच्या कपाशीत फेकत होती. दिगंबर धावत आला आणि अगदी जवळ येऊन थांबला.

माझा हात आपोआप कानावर गेला. मायनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे हात रक्तानं भरले होते.

"मार," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, भाकर वाढू का विचारताना काढते तसा. "हे पोट्टी पाहून राह्यली. मार."

त्यानं हात उचलला नाही. तो एक पाऊल मागं सरला. मग म्हणाला, "जा वं बाई, जा," आणि कपाशीत परत गेला. त्या वाटेनं आम्ही गाडीपाशी पोचलो, आणि त्या दिवशी सांभार बाजारात हिरवागार उतरला.

दुसऱ्या दिवशी काट्या पुन्हा होत्या. मायनं पुन्हा ओढल्या. तिसऱ्या दिवशी मोठी माय उठली आणि तीही आली, आणि दोघी जावा दोन्ही टोकांनी एकच फांदी ओढताना मी पाहिल्या. असं कितीतरी दिवस चाललं. ते लावायचे, या काढायच्या. पुढं लावणं कमी झालं, पण पुरतं थांबलं असं कधी झालं नाही. मी लग्न होऊन खामगावला आले तेव्हाही सणाला माहेरी गेले की मायचे तळवे खरखरीत लागायचे. कायद्यानं पाहिलं तर तिनं केलं तो बहुधा गुन्हाच होता. पण तिच्यावर फिर्याद झाली नाही. ती करायची कुठं, हे आता पाटलांनाही सापडत नव्हतं.